काचेच्या कौलाखाली : माश्यांच्या हिवाळी नोंदी

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीचे पाहुणे गेले, माश्या राहिल्या.

घर बेळगावजवळ, वेंगुर्ला रोडला, उचगाव फाट्यापासून थोडं आत. जुनं कौलारू. पुढं सोपा, मग माजघर, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून गोठा. दोन म्हशी, एक रेडकू. पावसाळ्यात माश्या असतातच, त्याचं कोणी काही मनावर घेत नाही. पण यंदा थंडी सुरू झाली तशा त्या बाहेरून आत आल्यासारख्या वाटतात. संध्याकाळी चुलीवरच्या वाशाकडं बॅटरी मारली तर वासा काळ्या मण्यांची माळ घातल्यासारखा दिसतो.

ही वही सुरू करायचं कारण वेगळंच. भाऊबीजेला चुलतभावाचा व्हिडिओ कॉल आला. तो इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या एका खेड्यात जुन्या दगडी घरात भाड्यानं राहतो. म्हणाला, "थांब, तुला गंमत दाखवतो," आणि फोन हातात धरून शिडीनं माळ्यावर चढला. तिथं वाशाच्या बेचक्यात मूठ-मूठभर माश्या, एकीला एक चिकटून, गप्प. थंडी पडायच्या आधी घरात शिरतात आणि उन्हाळा लागेपर्यंत तिथंच झोपून काढतात म्हणे. घरमालकाचं म्हणणं, फटी ऑगस्टमध्येच बुजवायला हव्या होत्या, आता उशीर झाला.

मी मान वर करून आमचा वासा बघितला. म्हटलं, झालं, आमच्याही झोपायलाच आल्यात. फटी बुजवायच्या.

मी उद्यमबागेत एका कारखान्यात क्वालिटीला आहे. मोजल्याशिवाय आम्हाला काही खरं वाटत नाही. माशी मोजायची रीत सोपी आहे: पाच इंच बाय तीन इंचाचं पांढरं कार्ड माश्या बसतात तिथं टांगायचं आणि आठवड्यानं त्यावरचे ठिपके मोजायचे. माशी बसते तिथं ठिपका टाकतेच. शंभराच्या वर गेले तर माश्या जास्त झाल्या, काहीतरी करायला पाहिजे, असं धरतात. कार्डांसाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी कापल्या. तीन टांगल्या: क्रमांक १ चुलीवरच्या वाशाला, २ सोप्यात काचेच्या कौलाखाली, ३ गोठ्याच्या दारात.

१ नोव्हेंबर, शनिवार

सीमाभागातला काळा दिन. निषेध फेरीला गेलो. नोंद नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

पहिली मोजणी. कार्ड १ : १४६. कार्ड २ : ९३. कार्ड ३ : २१०.

कार्ड खिडकीत धरून भिंगातून बघितलं. ठिपके दोन तऱ्हेचे. काही फिकट, चहाच्या वाळलेल्या थेंबासारखे, मधे पुसट आणि कडेला गडद. काही बारीक, काळे, उठावदार. काळी ती विष्ठा. फिकट ती ओकारी. माशीला चावता येत नाही. खायच्या पदार्थावर आधी पोटातलं थोडं बाहेर काढायचं, त्यात तो विरघळवायचा आणि मग सोंडेनं ओढून घ्यायचा. चुलीवरच्या कार्डावर फिकट ठिपके जास्त होते. आईला हे सांगितलं नाही. ती तेव्हा भाकऱ्या थापत होती.

९ नोव्हेंबर, रविवार

फटी बुजवण्याचं काम. वळचणीला, म्हणजे भिंत संपते आणि कौलं सुरू होतात तिथं हात जाईल एवढी मोकळी जागा आहे. तिथं बारीक जाळी ठोकली. आढ्याच्या दोन्ही टोकांना सिमेंट. फुटकी कौलं बदलली. गोठ्याकडच्या भिंतीला वर भोकं होती, ती विटांचे तुकडे घालून लिंपली. जाळी, सिमेंट, खिळे आणि गवंड्याची अर्धा दिवस हजेरी धरून ३,४०० रुपये.

भाताची कापणी सुरू आहे, माणूस मिळत नाही. गवंडी तासभर उशिरा आला आणि चहाला दोनदा थांबला. त्याचं चुकीचं नाही, त्याचंही शेत आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

कार्ड १ : १५१. कार्ड २ : १०२. कार्ड ३ : २०४.

म्हणजे काहीच नाही. उलट चुलीवर पाच वाढले. आणि धूर. वळचणीची ती फट कोणी आळसानं ठेवलेली नव्हती, धूर जायची वाट होती. आठवडाभर आईचे डोळे लाल. आज सकाळी ती फुंकणी आपटून म्हणाली, "अरे, माश्या घालवायलैस की आम्हाला घालवायलैस? माशी एक तरी खोकली काय सांग बघू."

स्वयंपाकघरावरची जाळी दुपारी काढली. सोप्यातली राहू दिली, पैसे गेलेत म्हणून.

२० नोव्हेंबर, गुरुवार

सेकंड शिफ्ट. सकाळी वेळ होता म्हणून शेवटी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं: माशी हातात घेऊन बघितली. पेल्याखाली धरली, पेला फ्रिजमध्ये दहा मिनिटं. गारठली की हलत नाही, निवांत बघता येते. पाठीवर उभे चार काळपट पट्टे. पंख बसताना दोन्ही बाजूंना जरा फाकलेले. राखी रंग. ही साधी घरमाशी, दुसरं कोणी नाही.

भावाला मेसेज टाकला, तुझ्याकडच्या एकीचा जवळून फोटो पाठव.

२३ नोव्हेंबर, रविवार

फोटो आले. त्याच्याकडची माशी आमच्यापेक्षा जरा मोठी. पाठीवर पट्टे नाहीत, सोनेरी बारीक लव आहे, मक्याच्या कणसाच्या केसांसारखी. पंख एकावर एक, मिटलेल्या कात्रीसारखे. चिरडली तर मधासारखा वास येतो म्हणाला. इंग्रजीत तिला क्लस्टर फ्लाय म्हणतात, शास्त्रीय नाव पोलेनिया. एकाच घरात वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा येते.

मग दोघांनी तासभर बोलून हिशेब लावला. इथं सविस्तर लिहितो, कारण माझे ३,४०० रुपये याच्यात गेलेत.

त्याची माशी घाणीत वाढत नाही. ती अंडी मातीत घालते आणि अळी जमिनीतल्या गांडुळाच्या अंगात शिरून त्याला खाऊन वाढते. मोठी झाली की फुलांवर जगते. थंडीच्या तोंडावर उन्हानं तापलेल्या भिंतीवर येऊन बसते आणि फटीतून माळ्यात शिरते. घरात ती खात नाही, अंडीही घालत नाही. नुसती झोपते. मधेच एखाद्या दिवशी ऊन पडलं, माळा तापला, की उन्हाळा आला समजून जागी होते, खाली येते आणि खिडकीच्या काचेवर सुस्तासारखी आपटत राहते. वैताग होतो, पण तिच्यापासून कोणी आजारी पडत नाही. तिची पैदास थांबवायची म्हटली तर आजूबाजूची सगळी कुरणं आणि त्यातली गांडुळं आली. ते कोण करणार? म्हणून तिथं एकच उपाय, ती यायच्या आधी फटी बुजवणं. आत आल्यावर व्हॅक्यूम क्लीनरनं ओढून घेणं. माळ्यावर औषध मारलं तर मेलेल्या माश्यांचा खच पडतो आणि तो खायला येणारे किडे पुढं लोकरीचे कपडे नि गालिचे खातात. शिवाय तिकडं वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे. माळ्यावर ती आहेत की नाहीत हे बघितल्याशिवाय औषधाला हात लावता येत नाही.

आमची माशी झोपत नाही. तिला तसली हिवाळी झोप नाहीच. थंडीत मंद होते, रात्री उबेला वर जाऊन बसते, आणि सकाळी नऊला काचेच्या कौलातून उन्हाची तिरीप सोप्यात उतरली की तिथं गोल गोल फिरत असते. वासा हा तिचा मुक्काम आहे, जन्म दुसरीकडं. आणि ते ठिकाण बहुतेक वीस पावलांवर.

म्हणजे भावाला उगम हाताबाहेर, म्हणून फट बुजवायची. मला उगम परड्यातच, आणि मी फटी बुजवत बसलो. दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर आपला जॉब (मशीनवर घडवायचा भाग) चढवला की कारखान्यात जे होतं तेच झालं.

३० नोव्हेंबर, रविवार

परड्यातला उकिरडा. कारखान्यातून लांब दांड्याचा थर्मामीटर मागून आणला (सुपरवायझर हसला, पण दिला). ढिगाच्या पोटात हातभर आत : ५८ अंश. कडेला वीतभर आत : २७ अंश. बाहेर हवेत सकाळी सातला : १४.

पोटात एक अळी नाही. एवढ्या उष्णतेत जगतच नाही. सगळा संसार कडेला. खुरप्यानं कड उकरली तर पांढऱ्या अळ्या वळवळत आत पळाल्या, आणि जरा बाहेर, कोरड्या मातीशी, कोष. चिंचोक्याच्या रंगाचे, भाताच्या दाण्याएवढे, दोन्ही टोकं गोल. एका ओंजळीत साठ-सत्तर सहज. अळीला ओल लागते आणि कोष करायला कोरडं, म्हणून ती शेवटी कडेला सरकते. थंडी आमच्या अंगाला आहे, २७ अंशात बसलेल्या अळीला कसली थंडी? उन्हाळ्यात अंड्यापासून माशी आठ-दहा दिवसांत होते, गार जागी तेच महिन्यावर जातं. आमच्या ढिगाच्या कडेला दोन-तीन आठवडे लागत असावेत. आणि एक मादी जन्मात चार-पाच खेपांना मिळून पाचशेपर्यंत अंडी घालते. आता फट कुठली बुजवू?

गोठ्यात आणखी दोन जागा सापडल्या. म्हशींच्या मुताची नाली जिथं फरशी संपून मातीत मुरते ती ओली जमीन. आणि दाराजवळचा पिंजराचा, म्हणजे पेंढ्याचा, भिजून कुजलेला थर.

चाळीस कोष मोजून काचेच्या बरणीत घातले, तोंडाला धोतराचा तुकडा बांधला, माजघरातल्या फळीवर ठेवले. आईला म्हटलं, हात लावू नकोस. "मी कशाला लावू रं त्याला," म्हणाली, आणि बरणी लोणच्यांपासून लांब सरकवली.

७ डिसेंबर, रविवार

दिवसभर शेण. उकिरड्याची कड चारी बाजूंनी फूटभर कापून ढिगाच्या मध्यावर टाकली, म्हणजे जिथं ५८ अंश आहेत तिथं. वरून काळी ताडपत्री, कडेला दगड. इथून पुढं रोजचं शेण मधे टाकायचं, कडेला नाही, आणि दर बुधवार-रविवार कड कापायची. आठवड्यातून दोनदा, कारण अळीला कोष करायला सवड मिळता कामा नये. नालीच्या टोकाला शहाबादी फरशी बसवली, उतार काढून खाली बादली. बादली रोज झाडांना. पिंजराचा कुजका थर काढून शेतात पसरला, उन्हात वाळला की त्यात अळी वाढत नाही.

कंबर गेली.

आमच्या ढिगाला लागूनच तात्यांचा ढीग. मधे बांध म्हणायला चार दगड. त्यांना म्हटलं, तात्या, तुमच्याही ढिगाची कड कापून देतो. ते विडी विझवत म्हणाले, "माश्या तुझ्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या? त्यांच्या अंगावर तू काय नंबर घातलाईस?" मी म्हटलं, नंबर नाही, म्हणूनच दोन्ही ढीग करायला पाहिजेत. ते म्हणाले बघू.

१० डिसेंबर, बुधवार

सुवर्णसौधमध्ये (कर्नाटक विधिमंडळाची बेळगावातली इमारत) अधिवेशन, हायवेला पोलीस, घरी यायला पाऊण तास उशीर. कड अंधारात कापली.

बरणीतून आजवर २७ माश्या निघाल्या. आणि चार बारीक काळ्या गांधीलमाश्या, मुंगीपेक्षाही लहान. आधी वाटलं चिलटं असतील. भिंगातून कमरेची बारीक आवळ दिसली. ही कोषाला भोक पाडून आत अंडं घालते, तिची अळी माशीला आतल्या आत खाते, आणि माशीच्या जागी हीच बाहेर पडते. म्हणजे उकिरड्यात आमच्या बाजूनं काम करणारं कोणीतरी आधीपासून होतं, बिनपगारी. ढिगावर औषध मारलं असतं तर तीही गेली असती. बरणी परड्यात नेऊन, माश्या मारून, गांधीलमाश्या सोडल्या.

१४ डिसेंबर, रविवार

कार्ड १ : १३८. कार्ड २ : ९७. कार्ड ३ : १७२.

वाशावरच्या माश्या आधीच जन्मलेल्या आहेत, त्या थंडीत महिनाभरही जगतात, आज कड कापली म्हणून उद्या कमी होणार नाहीत. हे मला कळतं. तरीही धीर सुटला. गावातल्या दुकानातून फवारा आणला, सोप्यात वाशांवर मारला. पटापट पडल्या, सूपभर केर निघाला. मन शांत झालं.

२१ डिसेंबर, रविवार

कार्ड २ : ९०. फवारा मारलेला तोच सोपा. पाचव्या दिवशी माश्या होत्या तशा. दुकानदार म्हणाला दुसरं औषध घ्या, या माश्या याला सरावल्यात. खरं असेल. अशा फवाऱ्यांतल्या औषधांना घरमाशी जगभर बऱ्याच ठिकाणी दाद देईनाशी झाली आहे.

त्याहून मोठी चूक माझी. दोन बदल एकदम केले, आता या आठवड्याचा आकडा कशामुळं हे सांगता येत नाही. कारखान्यात कोणी ट्रायल अशी घेतली असती तर मी रिपोर्ट परत केला असता. आकडा खोडला नाही, शेजारी फुली मारली.

२८ डिसेंबर, रविवार

आजची नोंद आईची आहे.

काल रात्री ती म्हणाली, तुझी आजी संध्याकाळी गोठ्यात कडुलिंबाची डहाळी टांगायची. अंधार पडला की सगळ्या माश्या डहाळीवर. मग खालून हळूच पोतं चढवायचं, तोंड आवळायचं आणि चुलीत. मी विचारलं, हे ऑक्टोबरात का नाही सांगितलंस? "तू विचारलंस काय? तू तर जाळी आणायला गेलास."

डहाळी टांगली. माशीला रात्री उंचावरून लोंबणाऱ्या बारीक गोष्टीवर बसायला आवडतं, दोरी, वायर, बल्बचा होल्डर. डहाळीवर बसल्या, पण सगळ्या नाही, वाशाला ऊब जास्त. मग पहाटे साडेपाचला, बाहेर १२ अंश, चूल पेटायच्या आधी, बादलीवर चढून उरलेल्यांचं काम. रुंद तोंडाच्या बरणीत दोन बोटं साबणाचं पाणी घेतलं. बरणी माशीच्या बरोबर खाली, वाशाला टेकवायची. तिला चाहूल लागते, पण गारठलेली असते, उडायला म्हणून सुटते आणि आधी सरळ खालीच येते. टप. साबणामुळं पाण्यावर तरंगत नाही, बुडते. टप, टप. एका वाशावर अकरा मिनिटं, बरणीचा तळ काळा.

आई खाली बॅटरी धरून उभी होती. मधेच म्हणाली, "ती बघ, तिथं एक राहिली." तिच्या आवाजात जरा जास्तच उत्साह होता.

४ जानेवारी, रविवार

कार्ड १ : ५८. कार्ड २ : ३१. कार्ड ३ : ९६.

दोनदा मोजले.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. गुऱ्हाळावरून गुळाची ढेप आली, फडक्यात न बांधता सोप्यात ठेवली, तासाभरात पंधरा-वीस माश्या हजर. त्या नक्की आमच्याच असं नाही. गुऱ्हाळावर काकवीभोवती घोंगावणाऱ्या माश्या टेम्पोतूनही येत असतील. माशी किलोमीटरभर सहज जाते. ढेप डब्यात. तिळगूळ वाटायला तात्यांकडं गेलो, ढिगाचा विषय काढला नाही. सण होता.

१८ जानेवारी, रविवार

कार्ड ३ पुन्हा १२० वर. गोठ्यातच कुठंतरी चुकतंय. सगळं उचकटलं. गव्हाण भिंतीपासून चार बोटं पुढं आहे, त्या सांदीत म्हशींनी सांडलेली चघळ पडते आणि पाण्यानं भिजून आंबते. हात घातला तर गरम. वरचा थर उचलला तर खाली अळ्यांचा खळखळाट, भात शिजताना होतो तसा. तीन महिने या गव्हाणीला पाठ टेकून मी कार्डं मोजत होतो.

सांदी साफ केली, सिमेंटनं भरून वर उतार काढला. नोव्हेंबरातलं अर्धं पोतं उरलं होतं, ते इथं कामाला आलं. फट बुजवली म्हणायची, शेवटी.

२५ जानेवारी, रविवार

तात्या आपणहून आले. त्यांच्या सुनेनं आमच्या सोप्यात बसून चहा घेताना काहीतरी बघितलं असावं. म्हणाले, ताडपत्री कितीला पडली? पैसे सांगितले. म्हणाले, "महाग हाय." मग म्हणाले, जुनी फाटकी चालंल काय? चालते म्हटलं. दोघांनी मिळून त्यांची कड कापली. त्यांचा ढीग आमच्यापेक्षा दुप्पट, ओंजळीत शंभरावर कोष. ते बराच वेळ ओंजळीकडं बघत राहिले.

८ फेब्रुवारी, रविवार

कार्ड १ : १९. कार्ड २ : ८. कार्ड ३ : ४४.

सकाळी भावाचा फोन. तिकडं काल दोन तास ऊन पडलं आणि माळा जागा झाला. मुलीच्या खोलीच्या खिडकीवर तीस-चाळीस. त्याला म्हटलं, पहाटे बरणी घेऊन चढ, साबणाचं पाणी घाल. म्हणाला, इथं पहाटे उणे दोन आहे. म्हटलं मग तर पळणारच नाहीत. ऑगस्टच्या एक तारखेचं रिमाइंडर त्यानं माझ्यासमोर लावलं, फटींसाठी. त्याला तेच करायचं आहे.

मला मार्चची काळजी. उन्हं वाढली की दोन-तीन आठवड्यांचं चक्र दहा दिवसांवर येणार, बुधवार चुकला तर परवडणार नाही. बुधवारी सेकंड शिफ्ट असली तर कड आई कापते म्हणाली आहे, पण मोजणी तिच्यावर सोपवणार नाही. मागच्या आठवड्यात कार्ड २ जागेवर नव्हतं. शोधलं तर चुलीजवळ खिळ्याला अडकवलेलं, ठिपक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत तिनं दुधाचा हिशेब लिहिलेला. सकाळ साडेचार, संध्याकाळ तीन.

पत्रिकांचा गठ्ठा संपत आला होता. आज दोन नवीन आल्या.